प्रयोगशाळेची देखभाल आणि चाचणी उपकरणांची रचना: या कामात येणाऱ्या नव्या अभियंत्यांसाठी

चाचणी प्रयोगशाळेतलं एखादं यंत्र बंद पडलं की त्याच्यामागे बरंच काही अडतं. नमुने रांगेत थांबतात, अहवाल लांबतात, एखाद्या उत्पादनाची मंजुरी खोळंबते. यंत्र चालू आहे पण रीडिंग चुकीचं देतंय, ही अवस्था मात्र त्याहून वाईट, कारण ती कुणाच्या लक्षातच येत नाही. गाडीचा ब्रेक, इन्क्युबेटरमधला तापमान संवेदक, पुलाच्या बोल्टचं पोलाद यांपैकी काहीही ‘पास’ झाल्याचं कागदावर येतं तेव्हा त्या शब्दामागे मोजलेला एक आकडा असतो. तो आकडा खरा राहावा म्हणून यंत्रं सांभाळणं, आणि बाजारात तयार मिळत नाही असं चाचणीचं यंत्र स्वतः बांधणं, हे या कामाचे दोन भाग.

बऱ्याच ठिकाणी हे दोन भाग वेगवेगळ्या विभागांत वाटलेले असतात. देखभालवाले पाने आणि मल्टिमीटर घेऊन फिरतात, रचना करणारे संगणकासमोर बसतात. नव्यानं येणाऱ्यांना माझा स्पष्ट सल्ला असा की निदान पहिली दोन-तीन वर्षं देखभालीत काढा आणि मग रचनेकडे वळा. दुसऱ्यांनी बांधलेली यंत्रं कुठे झिजतात, कुठे तापतात, कुठली केबल दर वेळी त्याच जागी तुटते, हे हातानं पाहिलेल्या माणसाची रचना वेगळीच होते. तो फ्यूज सहज काढता येईल अशा जागी ठेवतो. संवेदक बदलायला अख्खं यंत्र उघडावं लागणार नाही, याची काळजी घेतो.

पहिली पायरी: मोजमापाचा पाया पक्का करा

शाखेवरून फारसं अडत नाही. इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, मेकाट्रॉनिक्स या सगळ्या शाखांमधून लोक इथे येतात, पदविकाधारकही येतात आणि उत्तम काम करतात. अडतं ते मोजमाप समजत नसल्यामुळे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात रुजवून घ्या: मोजणारं उपकरण मोजल्या जाणाऱ्या गोष्टीत ढवळाढवळ करतं. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा इनपुट रोध बहुधा १० मेगाओहम असतो. ज्या सर्किटचा स्वतःचा रोध १ मेगाओहम आहे तिथे तो लावला, तर रीडिंग खऱ्या व्होल्टेजपेक्षा सुमारे ९ टक्के कमी येतं. मीटर बिघडलेला नाही, सर्किटही ठीक आहे, तरी आकडा खोटा आहे.

दुसरं उदाहरण तापमानाचं. पीटी-१०० हा प्लॅटिनमचा संवेदक शून्य अंश सेल्सिअसला १०० ओहम दाखवतो आणि दर अंशाला साधारण ०.३८५ ओहमनं वाढतो. तो दोन तारांनी जोडला आणि त्या तारांचा मिळून रोध १ ओहम असला, तर तापमान सुमारे २.६ अंश जास्त दिसतं. म्हणून तीन तारांची किंवा चार तारांची जोडणी वापरतात. चार तारांमध्ये दोन तारा प्रवाह नेतात आणि दुसऱ्या दोन फक्त व्होल्टेज पाहतात. व्होल्टेजच्या तारांमधून जवळजवळ प्रवाहच वाहत नाही, त्यामुळे त्यांच्या रोधाचा परिणाम उरत नाही. हे पुस्तकात वाचून सोडून देऊ नका. एक पीटी-१०० घ्या, लांब बारीक तारा घ्या, दोन्ही पद्धतींनी मोजा. तो फरक एकदा डोळ्यांनी दिसला की जन्मभर विसरत नाही.

याच्या जोडीला व्हीटस्टन ब्रिज, म्हणजे रोधातला बारीक फरक व्होल्टेजमध्ये दाखवणारी चार रोधकांची जोडणी, नीट समजून घ्या. सॅम्युएल हंटर ख्रिस्टी यांनी १८३३ मध्ये तो मांडला आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये तो सर्वांसमोर आणला. इतकं जुनं सर्किट आजही जवळपास प्रत्येक लोड सेलमध्ये, म्हणजे भार मोजणाऱ्या संवेदकामध्ये, बसलेलं आहे. १९३८ मध्ये एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे चिकटवायचा स्ट्रेन गेज (ताणला की ज्याचा रोध बदलतो असा संवेदक) शोधला, आणि बल, दाब, टॉर्क अशा कितीतरी गोष्टी या ब्रिजनं मोजता येऊ लागल्या. थर्मोकपल (दोन धातूंच्या सांध्याचा तापमान संवेदक), संवेदकांचा ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल, सिग्नल वाढवणारा ऑप-अँप, व्होल्टेजचा आकडा करणारा ए-टू-डी कन्व्हर्टर, सॅम्पलिंगचा वेग आणि तो कमी पडला की दिसणारा खोटा सिग्नल म्हणजे अलायसिंग, हेही याच पायरीवर येतं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी यांत्रिक बाजूकडे कानाडोळा करू नये. ड्रॉइंग वाचणं, टॉलरन्स समजणं, बोल्ट ठरलेल्या टॉर्कनं आवळणं, बेअरिंगचा आवाज ओळखणं, दोन शाफ्ट एका रेषेत आणणं हे सगळं लागतं. मेकॅनिकलच्या मुलांनी सोल्डरिंग आणि ऑसिलोस्कोप शिकून घ्यावा. दोघांनीही पायथनसारखी एखादी भाषा शिकावी.

दुसरी पायरी: हात घालण्याआधीची शिस्त

यंत्र उघडायचं तर वीज तोडून त्या स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. ‘कुणी चालू करू नका’ एवढं सांगून भागत नाही. वीज तोडल्यावरही पॉवर सप्लायमधले मोठे कपॅसिटर भारलेले राहतात. ते योग्य रोधकातून रिकामे करा आणि रिकामे झाल्याची मीटरनं खातरजमा करा. खातरजमा करण्याआधी आणि नंतर तोच मीटर एखाद्या चालू स्रोतावर लावून पाहा. मीटरच बिघडलेला असेल तर शून्याला काही अर्थ नाही.

ऑसिलोस्कोपच्या प्रोबची काळी क्लिप बहुतेक स्कोपमध्ये थेट अर्थिंगला जोडलेली असते. ती मेन्सशी संबंधित सर्किटला लावली की मोठा स्फोटक शॉर्ट होऊ शकतो. अशा जागी डिफरन्शियल प्रोबच हवा, म्हणजे अर्थिंगला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा.

विजेपलीकडचे धोकेही तितकेच खरे आहेत. १ लिटर द्रव नायट्रोजनचा सुमारे ७०० लिटर वायू होतो आणि बंद खोलीत तो श्वासातला ऑक्सिजन गुपचूप हटवतो. वास नाही, रंग नाही. गॅस सिलिंडर साखळीनं बांधलेलाच असला पाहिजे. दाबाखालची भांडी तपासायची असतील तर शक्यतो पाण्यानं तपासतात, हवेनं नाही, कारण दाबलेल्या हवेत साठलेली ऊर्जा भांडं फुटताना तुकडे गोळीसारखे फेकते. रचनाकार झाल्यावर हेच ज्ञान तुमच्या ड्रॉइंगमध्ये उतरायला हवं.

स्थिर विजेचं भान मात्र मुद्दाम जोपासावं लागतं. आपल्याला चटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात, आणि काही नाजूक घटक १०० व्होल्टच्या आतच निकामी होतात. म्हणजे काहीही जाणवलं नाही, तरी बोर्ड गेलेला असू शकतो, किंवा अर्धवट जखमी होऊन महिन्याभरानं दगा देऊ शकतो. मनगटाचा पट्टा बांधा, आणि तो जोडलेला आहे का तेही रोज तपासा.

तिसरी पायरी: दोषाचा छडा लावायला शिका

इथे नवे लोक सर्वाधिक गडबडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नव्यांची पहिली ओढ असते ती पार्ट बदलून पाहण्याकडे. बोर्ड बदलला, चाललं, सुटलो. पण बोर्ड काढता-बसवताना कनेक्टर हलला आणि त्यामुळेच यंत्र चाललं असेल, तर तोच बिघाड पुन्हा येतो आणि या वेळी तुमच्याकडे सुगावाही उरलेला नसतो. आधी पाहा, विचारा, मोजा. पार्ट बदलणं सगळ्यात शेवटी.

एक प्रसंग घेऊ. ५० किलोन्यूटनचं ताणचाचणी यंत्र आहे. ते चालवणारा सांगतो, ‘आकडा नाचतोय.’ पहिलं काम म्हणजे त्याच्याकडून तपशील काढून घेणं. कधीपासून? सतत की मधूनमधून? नमुना लावलेला असताना की रिकाम्या जबड्यांवरही? यंत्र हलवलं होतं का, शेजारी नवीन काही बसवलं का? यंत्र रोज चालवणाऱ्या माणसाला त्याचा आवाज, वास, स्वभाव माहीत असतो. तो तांत्रिक भाषेत सांगणार नाही, पण त्याच्या बोलण्यातच निम्मं उत्तर असतं.

समजा जबडे रिकामे असतानाही आकडा ४० न्यूटननं वरखाली होतोय. आता हा आकडा व्होल्टेजमध्ये बदलून पाहा. लोड सेल २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा आहे आणि त्याला १० व्होल्ट दिलेत, म्हणजे पूर्ण भाराला २० मिलिव्होल्ट. ५० किलोन्यूटनला २० मिलिव्होल्ट, तर १ मायक्रोव्होल्ट म्हणजे अडीच न्यूटन. ४० न्यूटनचा नाच म्हणजे अवघे १६ मायक्रोव्होल्ट. एवढा हिशेब केल्याबरोबर संशयाची दिशा बदलते: इतक्या बारीक व्होल्टेजला केबलची शील्ड, कनेक्टरमधला ओलावा, मोटरच्या ड्राइव्हचा गोंगाट, काहीही पुरतं.

मग साखळी मधोमध तोडा. लोड सेल काढून त्या जागी ब्रिज सिम्युलेटर (सेलसारखाच ठरलेला सिग्नल देणारा डबा) लावा, नसेल तर ३५० ओहमच्या चार चांगल्या रोधकांचा ब्रिज करा. नाच थांबला तर दोष सेलच्या बाजूला, चालू राहिला तर केबल किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजूला. समजा चालू राहिला. आता मोटरचा ड्राइव्ह बंद करा. आकडा शांत झाला? मग गोंगाट ड्राइव्हमधून येतोय, आणि प्रश्न एवढाच उरला की तो आत शिरतो कुठून. कनेक्टर उघडून पाहिला की शील्डची तार पिनेपाशी तुटलेली सापडते. केबल रोज वाकते तिथेच, ताण घेणारी क्लिप बसवलेली नसल्यामुळे.

समजा सिम्युलेटर लावल्यावर नाच थांबला असता, तर सेल तपासायची वेळ आली असती. सिग्नलच्या दोन तारांमध्ये साधारण ३५० ओहम आणि पुरवठ्याच्या दोन तारांमध्ये बहुधा त्याहून थोडे जास्त मिळायला हवेत. नेमका आकडा सेलच्या डेटाशीटमध्ये असतो. तारा आणि धातूचं अंग यांच्यातला इन्सुलेशन रोध हजारो मेगाओहम हवा. पण त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावू नका, गेजच जायचा. कमी व्होल्टेजचा इन्सुलेशन टेस्टर वापरा.

तार जोडली, आकडा स्थिर झाला, तरी काम पुरं झालेलं नाही. क्लिप बसवा, म्हणजे तार पुन्हा त्याच जागी तुटणार नाही. मोजमापाच्या साखळीला हात लागलेला आहे, तेव्हा ओळखीचा भार लावून रीडिंग तपासल्याशिवाय यंत्र परत द्यायचं नाही. आणि आधीच्या किती चाचण्या या नाचऱ्या आकड्यावर गेल्या, हे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना लेखी कळवायचं. हे शेवटचं काम कुणाला आवडत नाही. तरी ते करायचंच.

मधूनमधून येणारा दोष सगळ्यांत चिवट. त्याला मुद्दाम डिवचावं लागतं: केबल हलवून, बोर्डावर इन्सुलेटेड काडीनं टकटक करून, हीट गननं हळू गरम करून, फ्रीझिंग स्प्रेनं एकेक घटक गार करून. जुन्या पॉवर सप्लायमध्ये इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर आधी संशय घ्या. त्यांचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, त्यामुळे हीटसिंकला चिकटून बसवलेला कपॅसिटर आधी जातो. मीटरवर डीसी व्होल्टेज अगदी बरोबर दिसेल. त्यावरचे बारीक चढउतार, म्हणजे रिपल, पाहायला ऑसिलोस्कोपच लावावा लागेल.

चौथी पायरी: नोंदी आणि वेळापत्रक

प्रत्येक यंत्राची स्वतंत्र वही किंवा फाइल हवी. त्यात तारीख, तक्रार जशी सांगितली तशी, काय मोजलं, काय सापडलं, काय बदललं आणि दुरुस्तीनंतर काय मोजलं एवढं असलं की पुरे. ‘चेक केलं, ओके’ ही नोंद कुणाच्या कामाची नाही.

प्रतिबंधात्मक देखभालीचं वेळापत्रक उत्पादकाच्या पुस्तिकेवरून सुरू करा आणि नोंदींवरून बदलत न्या. उणे ८० अंशांच्या फ्रीझरचा कंडेन्सर फिल्टर धुळीनं भरला की कॉम्प्रेसर तापत राहतो आणि एका रात्री कित्येक वर्षांचे नमुने वितळतात. फिल्टर साफ करायला दहा मिनिटं लागतात. रोटरी व्हॅक्यूम पंपाचं तेल दुधट दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडून वाफ बाहेर काढणारी झडप) उघडून पंप काही वेळ चालवा, नाही सुधारलं तर तेल बदला. सेंट्रिफ्यूजच्या रोटरवर ओरखडा किंवा गंज दिसला तर तो वापरातून काढा, तिथे तडजोड नाही. पंखे, फिल्टर, पट्टे, ओ-रिंग ही स्वस्तातली मंडळी वेळच्या वेळी बदलली की महागडे बिघाड टळतात.

पाचवी पायरी: कॅलिब्रेशन आणि अनिश्चितता

कॅलिब्रेशन म्हणजे यंत्र ‘ठीक करणं’ असा गैरसमज घेऊन बरेच जण येतात. कॅलिब्रेशनमध्ये आपण यंत्राचं रीडिंग जास्त विश्वासार्ह मानकाशी ताडून पाहतो आणि फरक नोंदवतो. फरक पाहून यंत्र जुळवून घेणं हे वेगळं काम आहे, आणि जुळवण्याआधीचे आकडेही लिहून ठेवावे लागतात. ते नसतील तर मागच्या वर्षभरात मोजलेलं कितपत खरं होतं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

ते मानक त्याहून वरच्या मानकाशी ताडलेलं असतं, ते त्याहून वरच्या, अशी साखळी राष्ट्रीय मानकांपर्यंत आणि पुढे एसआय एककांपर्यंत जाते. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमसकट सगळी एसआय एककं निसर्गातल्या स्थिरांकांवर आधारलेली आहेत. फ्रान्समध्ये जपून ठेवलेल्या धातूच्या वजनावर आता किलोग्रॅम अवलंबून नाही. तुमच्या टेबलावरच्या मल्टिमीटरपर्यंत ही साखळी अखंड पोचते की मध्येच तुटते, हे प्रमाणपत्र वाचून तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

प्रमाणपत्र वाचताना नुसती तारीख पाहून फाइलला लावू नका. कुठल्या बिंदूंवर तपासलं, त्रुटी किती, अनिश्चितता (खरा आकडा रीडिंगच्या आसपास किती पट्ट्यात असू शकतो) किती, हे पाहा. यंत्र ० ते २०० अंशांत वापरता आणि कॅलिब्रेशन फक्त १०० अंशांपर्यंत झालंय, असं आढळलं तर वरच्या अर्ध्या भागातली रीडिंगं बिनआधाराची आहेत. चाचणी प्रयोगशाळांच्या क्षमतेसाठीचं जागतिक मानक आयएसओ/आयईसी १७०२५ आहे, त्याची सध्याची आवृत्ती २०१७ ची. नोकरीला लागण्याआधी ते एकदा तरी वाचा. भाषा कोरडी आहे, पण प्रत्येक कलमामागे कुणाचा तरी हात पोळलेला आहे, अशा नजरेनं वाचलं की ते समजत जातं.

अनिश्चिततेचा हिशेब सुरुवातीला डोंगराएवढा वाटतो. एका साध्या मोजमापापासून सुरुवात करा: मानकाची अनिश्चितता, यंत्राचं रिझोल्यूशन, पुन्हापुन्हा मोजल्यावर आकड्यांत येणारा विखुरलेपणा, तापमानाचा परिणाम. प्रत्येकाचा आकडा काढा, सगळे एकाच पातळीवर आणा, वर्ग करून बेरीज घ्या, वर्गमूळ काढा. लगेच दिसतं की दोन घटक सगळा भार उचलतायत आणि बाकीचे नगण्य आहेत. पैसे आणि वेळ कुठे घालायचा, याचं उत्तर त्या तक्त्यातच असतं. व्यवहारात अनेक ठिकाणी चारास एक हे प्रमाण पाळतात. तपासायच्या गोष्टीची सहनमर्यादा (टॉलरन्स, म्हणजे चालवून घेता येणारा फरक) मोजमापाच्या अनिश्चिततेच्या निदान चौपट असावी. तसं जमत नसेल, तर पास-नापासची रेषा थोडी आत ओढून घ्यावी लागते.

सहावी पायरी: पहिलं चाचणी उपकरण बांधा

रचनेची सुरुवात सर्किटपासून होत नाही. सुरुवात एका प्रश्नानं होते: या चाचणीतून कुणाला काय ठरवायचं आहे? त्यातून सहनमर्यादा, त्यावरून लागणारी अनिश्चितता, त्यावरून संवेदक आणि मीटर. हा क्रम उलटा झाला, म्हणजे ‘आपल्याकडे हा मीटर पडून आहे, त्यावरच करू’ असं म्हटलं, की पुढे सगळं ओढूनताणून बसवावं लागतं.

पहिल्या प्रकल्पासाठी मी रिलेच्या (कॉइलला वीज दिली की संपर्क जोडणाऱ्या स्विचच्या) संपर्क-रोधाचा टेस्टर सुचवतो. दिसायला साधा आहे, पण या विषयातले जवळजवळ सगळे खाचखळगे त्यात भेटतात.

समजा सिग्नल रिलेचा संपर्क-रोध ५० मिलिओहमच्या आसपास अपेक्षित आहे. १० मिलिअँपिअर सोडले तर संपर्कावर ५०० मायक्रोव्होल्ट मिळतील. चार तारांची जोडणी हवी, हे आता सांगायला नकोच. पुढची अडचण तापमानाची. रिलेची कॉइल चालू झाली की गरम होते. संपर्काच्या दोन बाजूंचं तापमान थोडं वेगळं होतं, आणि वेगवेगळ्या धातूंच्या सांध्यांवर थर्मोकपलसारखं व्होल्टेज तयार होतं. तांबं आणि कोव्हार (घटकांच्या पायांसाठी वापरला जाणारा मिश्रधातू) या जोडीत ते अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट असतं. नुसते १० मायक्रोव्होल्ट आले तरी आपल्या मोजमापात २ टक्क्यांची खोट आली. उपाय सुंदर आहे: प्रवाह एकदा सुलट, एकदा उलट सोडा, दोन्ही रीडिंगांतल्या फरकाचं निम्मं घ्या. खरं व्होल्टेज प्रवाहाबरोबर दिशा बदलतं आणि उष्णतेचं बदलत नाही, त्यामुळे ते वजा होऊन जातं.

त्याहून सूक्ष्म गोष्ट पुढे आहे. संपर्कावर ऑक्साइडचा पातळ थर असू शकतो. टेस्टरनं जास्त व्होल्टेज लावलं तर तो थर फुटतो आणि वाईट संपर्क चाचणीत चांगला दिसतो. तोच रिले नंतर बारीक सिग्नल नेताना दगा देतो. म्हणून अशा चाचणीत संपर्क उघडा असतानाचं व्होल्टेज २० मिलिव्होल्टच्या आत ठेवतात. चाचणी करणाऱ्या यंत्रानंच नमुना सुधारून टाकला, असा हा प्रकार आहे. तुम्ही पुढे काहीही तपासा, आपली चाचणी नमुन्याला बदलतेय का, हे आधी स्वतःला विचारा.

मग येतं फिक्स्चर, म्हणजे नमुना धरून ठेवणारा साचा. रिले नेमका बसला पाहिजे, उलटा बसताच कामा नये. स्प्रिंगवाल्या पोगो पिना वापराल तर त्या झिजणार हे धरूनच चला. उत्पादक लाखो दाबांचं आयुष्य सांगतात, पण फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट रसायन-थर) आणि घाण साचली की त्या फार आधी दगा देतात. पिना सॉकेटमध्ये बसवा म्हणजे एका मिनिटात बदलता येतील, आणि दाबांची मोजणी सॉफ्टवेअरकडून ठेवून घ्या. देखभालीत घालवलेली वर्षं इथे उपयोगी पडतात.

उपकरणं संगणकाला जोडण्याचा रस्ता आता रुळलेला आहे. १९७५ मध्ये आयट्रिपलई-४८८ या मानकानं जीपीआयबी बस (उपकरणं आणि संगणक यांना जोडणारी सामायिक तारांची वाट) पक्की झाली, १९९० मध्ये स्किपी (एससीपीआय) ही आज्ञांची सामायिक भाषा आली, आणि ती आजही यूएसबी किंवा इथरनेटवरून चालते. सॉफ्टवेअर लॅबव्ह्यूमध्ये लिहा की पायथनमध्ये, हा वाद सोडा, तुमच्यानंतर ते सांभाळणाऱ्याला जे येतं त्यात लिहा. पण काही गोष्टी मात्र हव्यातच. उपकरणानं उत्तर दिलं नाही तर प्रोग्रॅम कायमचा थांबून राहता कामा नये, ठरावीक वेळेनंतर त्यानं चूक नोंदवून सुरक्षित अवस्थेत जावं. कच्ची रीडिंगं जपून ठेवा, नुसतं पास-नापास नको. प्रत्येक निकालाबरोबर सॉफ्टवेअरची आवृत्ती, मीटरचा क्रमांक, वेळ आणि तापमान लिहिलं जाऊ द्या. पुढे कुणी निकालावर बोट ठेवलं तर याच नोंदी तुमच्या बाजूनं उभ्या राहतात.

सुरक्षितता सॉफ्टवेअरच्या भरवशावर ठेवू नका. संगणक अडकला आणि हीटर चालूच राहिला, तर त्याला तोडणारा स्वतंत्र थर्मोस्टॅट तारेनं थेट जोडलेला हवा. आपत्कालीन बटणानं ऊर्जाच तुटली पाहिजे, नुसता प्रोग्रॅमला निरोप जाऊन उपयोग नाही. दार उघडलं की हलणारे भाग थांबले पाहिजेत, आणि वीज जाऊन परत आली तर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये.

बांधून झाल्यावर स्वतःच्याच यंत्रावर अविश्वास दाखवा. दहा रिले, तीन माणसं, प्रत्येकाकडून दोन-तीन वेळा मोजणी, असा गेज आर-अँड-आर अभ्यास (तेच नमुने पुन्हापुन्हा आणि वेगवेगळ्या माणसांनी मोजल्यावर आकडे किती जुळतात याची तपासणी) करा. मोजमापातला विखुरलेपणा एकूण विखुरलेपणाच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, ३० टक्क्यांच्या वर असेल तर ते यंत्र निर्णयासाठी वापरू नये, मधलं असेल तर कामाचं महत्त्व पाहून ठरवावं. माणसामाणसांत फरक पडतोय असं दिसलं तर दोष बहुधा फिक्स्चरमध्ये असतो, माणसांत नाही. एक चांगला आणि एक मुद्दाम बिघडवलेला नमुना कायमचे राखून ठेवा आणि रोज सकाळी दोन्ही लावून पाहा. बिघडवलेला नमुना ‘पास’ झाला तर त्या दिवशीचं काम तिथेच थांबवायचं.

सातवी पायरी: नोकरी आणि पुढची वाट

संधी शोधताना ‘मेंटेनन्स इंजिनिअर’ एवढ्याच नावावर थांबू नका. टेस्ट इंजिनिअर, इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर, कॅलिब्रेशन इंजिनिअर, लॅब इंजिनिअर, ऑटोमेटेड टेस्ट इक्विपमेंट असे शब्दही शोधा. विद्यापीठांच्या आणि संशोधन संस्थांच्या प्रयोगशाळा, वाहन, विमान आणि औषध उद्योग, वैद्यकीय उपकरणं, सेमिकंडक्टर, ऊर्जा, स्वतंत्र चाचणी संस्था, आणि मोजमाप उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या या सगळ्यांना अशी माणसं लागतात. उत्पादक कंपनीच्या फील्ड सर्व्हिसमधून सुरुवात केली तर थोड्या काळात खूप यंत्रं पाहायला मिळतात, पण प्रवास फार होतो. संशोधन प्रयोगशाळेत यंत्रं कमी, पण प्रत्येक वेगळं आणि नवं बांधायची मुभा जास्त.

मुलाखतीला जाताना स्वतः केलेल्या एखाद्या कामाच्या नोंदी घेऊन जा: एक दुरुस्ती, एक छोटा टेस्टर, त्याचा अनिश्चिततेचा तक्ता. मुलाखत घेणारा बहुधा एखादा बिघाड सांगून ‘तुम्ही काय कराल?’ असं विचारतो. त्याला अचूक उत्तरापेक्षा तुमचा क्रम पाहायचा असतो. आधी सुरक्षितता, मग विचारपूस, मग मोजणी, मग साखळी मधोमध तोडणं, असं बोलत गेलात तर त्याला कळतं की याच्या हाती यंत्र देता येईल.

या वाटेनं माणूस कुठवर जाऊ शकतो, याचं जिम विल्यम्स (१९४८–२०११) हे मला फार आवडणारं उदाहरण. १९६८ पासून अकरा वर्षं ते एमआयटीमध्ये होते आणि जीवरसायन आणि वैद्यक क्षेत्रातल्या संशोधनासाठी लागणारी मोजमापाची सर्किटं तिथे करत होते. पुढे नॅशनल सेमिकंडक्टर आणि मग १९८२ पासून लिनिअर टेक्नॉलॉजी इथे काम करत ते ॲनालॉग रचनेतल्या मोठ्या नावांपैकी एक झाले. जुने ऑसिलोस्कोप दुरुस्त करायचा नाद त्यांनी कधी सोडला नाही. त्यांचं पसाऱ्यानं भरलेलं कामाचं टेबल त्यांच्या निधनानंतर कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये प्रदर्शनात मांडलं गेलं.

नोकरी लागल्यावर पहिल्या आठवड्यात एकच काम हाती घ्या. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक यंत्रापाशी जा, त्याचं नाव, क्रमांक, कॅलिब्रेशनची तारीख आणि ते चालवणाऱ्या व्यक्तीचं नाव लिहा, आणि त्या व्यक्तीला विचारा की या यंत्राचा सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. उत्तरं जशीच्या तशी उतरवून घ्या. ती यादीच तुमचं पुढच्या वर्षाचं काम ठरवेल, आणि तुमच्या पहिल्या चाचणी उपकरणाची कल्पनाही बहुधा तिच्यातच सापडेल.